मुंगसा, तोंड दाखव

जिल्हा परिषदेच्या शाळेतली पुस्तकं कुलपात का राहतात, हे कळायचं असेल तर आधी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या टिकाऊ सामानाची नोंदवही, उघडून बघावं. खुर्ची, घंटा, नकाशा, सतरंजी यांच्या जोडीनं पुस्तकंही तिथं नग म्हणून मांडलेली असतात. बदली झाली की चार्ज द्यायचा, चार्ज देताना नग मोजायचे, आणि कमी भरले तर ज्याच्याकडं चार्ज होता त्यानं भरून द्यायचे. फाटक्या पुस्तकाचं निर्लेखन करायचं, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकायचं, तर त्याचे कागद वेगळे. अशा कारभारात पुस्तक वाचायला देणं हीच जोखीम होऊन बसते. जे कुणी हाताळलंच नाही ते कोरं राहतं, मोजणीत भरतं आणि तपासणीच्या दिवशी टेबलावर मांडता येतं. प्राथमिक शाळेला ग्रंथपालाचं पद नाही. वर्ग सांभाळून ज्या शिक्षकाकडं हे काम येतं, त्याच्या हातात किल्ली पडते आणि जिवाला घोर लागतो.

मी बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत शिकवते. गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. शाळेच्या ग्रंथालयाचं काम माझ्याकडं आलं तेव्हा ते म्हणजे एक लोखंडी कपाट होतं, आणि ते वाजतगाजत उघडायचं 15 ऑक्टोबरला. डॉ. कलामांच्या जयंतीचा हा दिवस आपल्याकडं 2015 पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळतात. पुस्तकं हातात देऊन लेकरांना रांगेत बसवायचं, फोटो काढायचा, पुन्हा कुलूप. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात मात्र स्पष्ट लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींच्या पुस्तकांसह सगळ्या विषयांची पुस्तकं हवीत. कायद्याला एका दिवसाचं ग्रंथालय अभिप्रेत नाही.

कुलूप काढणं त्या मानानं सोपं गेलं. अवघड निघालं ते वेगळंच. लेकरं येत, चित्रांची पुस्तकं चाळत आणि जात. आपल्याला काही अडलं, काही खरं-खोटं करायचं असलं तर इथं यायचं असतं, हे त्यांच्या मनातही येत नव्हतं. घरच्यांच्या लेखी तर ग्रंथालय म्हणजे अभ्यास झाल्यावरची चैन. एक वडील मला म्हणाले, "बाई, गोष्टी वाचून काय होणार? त्यापेक्षा पाढे करून घ्या." त्यांचा राग आला नाही. ग्रंथालय कशासाठी असतं हे त्यांना कुणी कधी दाखवलंच नव्हतं, आणि नुसतं सांगून ते पटणारं नव्हतं. शाळेच्या ग्रंथालयाला एक शुभंकर, म्हणजे त्याची ओळख होईल असं एक चित्रातलं पात्र, द्यायचा, ही कल्पना तिथून डोक्यात आली.

शुभंकर म्हटलं की माझ्या पिढीला अप्पू आठवतो, दिल्लीच्या 1982 च्या आशियाई खेळांचा नाचरा हत्ती. एअर इंडियाचा झुकून स्वागत करणारा महाराजा त्याच्याही आधीचा, 1946 चा. रंगाच्या डब्यावरचा खट्याळ गट्टू आर. के. लक्ष्मण यांनी 1954 साली काढला. रेल्वेनं आपल्या दीडशे वर्षांच्या निमित्तानं 2002 साली भोलू हत्ती आणला, गार्डच्या वेशातला, हातात हिरवा दिवा घेतलेला. मी ही चित्रं फळ्यावर काढून दाखवली तेव्हा पाचवीतल्या एका पोरानं बरोबर टिपलं की गट्टूच्या हातात ब्रश आहे आणि भोलूच्या हातात दिवा. दोघांना काम आहे. तिथंच आमचं ठरलं. आपला जो कुणी असेल त्याला काम पाहिजे. चष्मा लावून पुस्तकात तोंड खुपसून बसलेलं जनावर आपल्याला नको.

पण जनावर कोणतं? इंटरनेटवर चष्मेवाली घुबडं हवी तितकी मिळतात. त्यातलं एक छापून आणलं, तर खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातूनच म्हणाल्या, "घुबड नका लावू शाळंच्या भिंतीवर." घुबड उंदीर खातं, शेतकऱ्याच्या उपयोगाचं आहे, आणि त्याच्याबद्दलची भीती जायला हवी, यात शंका नाही. पण ज्या घरांना ग्रंथालयाशी जोडायचं त्यांच्याशी पहिल्याच दिवशी वाद कशाला? घुबडाचा धडा पुढं कधीतरी स्वतंत्र घेता येईल. पुस्तकातल्या किड्याचं चित्र तर विचारातही घेतलं नाही. भिंतीला टेकलेल्या खालच्या फळीवरची पुस्तकं एका पावसाळ्यात वाळवीनं फस्त केलेली मी पाहिली आहेत. शेकरू आपला राज्यप्राणी, सामान्यज्ञानाच्या पुस्तकात लेकरांचा पाठ असतो. पण तो भीमाशंकरच्या झाडीतला. आमच्या माळावर त्याला कुणी पाहिलेलं नाही.

मुंगूस सुचवलं ते सहावीतल्या एका मुलीनं. बांधावरून मुंगूस आडवं गेलं की आमच्याकडची लेकरं अजून थांबतात आणि ओरडतात, "मुंगसा मुंगसा, तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. आणि पळतं मुंगूस खरोखर क्षणभर थांबून मान वळवतं, कधी मागच्या पायांवर उभं राहून बघतं. त्या मुलीचं म्हणणं असं, "बाई, ते समद्या बिळांत तोंड घालतंय. त्याला बघितल्याबिगर करमत नाही." मला याहून चांगलं कारण सुचलं नसतं. आणि ओळ तर तयारच होती, फक्त फिरवायची. आजवर आपण मुंगसाला म्हणत आलो, आता मुंगूस आपल्याला म्हणेल. ग्रंथालयाच्या दारावर दोनच शब्द लिहिले: तोंड दाखव. गावात ज्याला त्याला ते वाचताक्षणी कळले. पाहुण्यारावळ्यांच्यात आपण हेच तर म्हणतो, ये की, एकदा तोंड दाखवून जा.

मुखवटा कसा केला ते सांगायला हवं, कारण ग्रंथालयाचं काम खरं तिथून सुरू झालं. जुन्या वर्तमानपत्रांचा लगदा करायचं ठरलं. लगद्यात वाटलेली मेथी घालतात, म्हणजे कीड लागत नाही, हे मला पुस्तकातून माहीत नव्हतं. एका मुलाची आजी पूर्वी लगद्याच्या टोपल्या करायची. ती शाळेत आली, व्हरांड्यात बैठक मारून बसली, लगदा बोटानं दाबून बघत म्हणाली, "अजून वाटा, अजून चिकट होऊ द्या." तिनं पालथ्या घागरीवर लगदा थापला, नाकाकडं निमुळता ओढला, वाळला की सुरीनं कडा सारख्या केल्या. तिच्या हाताखाली चार-पाच पोरं कामाला. अंगावर घ्यायला एका धनगराच्या घरून जुनी घोंगडी मिळाली, काळी-करडी मिसळ. मुंगसाच्या एकेका केसावर गडद-फिकट पट्टे असतात, त्यामुळं ते लांबून राखाडी दिसतं. घोंगडीचा रंग त्याच्या अगदी जवळ जाणारा. शेपटी अंबाडीच्या वाखाची.

डोळ्यांवरून मात्र भांडण लागलं. सगळ्यांनी डोळे गोल काढून आत काळा ठिपका दिला होता. एका पोराचं म्हणणं की मुंगसाचे डोळे लाल असतात. दुसरा म्हणाला, मांजरासारखी उभी रेघ असते. मी काही बोलले नाही. प्राण्यांची पुस्तकं टेबलावर ठेवली. बराच वेळ पानं उलटल्यावर एका मोठ्या छायाचित्रात दिसलं की डोळा तांबूस आहे आणि बाहुली आडवी. उभी नाही, गोलही नाही. आडवी! त्या पोरांनी ते चित्र असं काही गावभर दाखवलं, की जणू मुंगसाला डोळे त्यांनीच दिले. दुसऱ्या दिवशी एक जण शेळीच्या डोळ्यात निरखून आला आणि म्हणाला की तिचीही बाहुली आडवीच आहे. तो एवढा मोठा झाला शेळ्यांमागं, पण हे त्यानं आधी पाहिलं नव्हतं.

नियम एकच केला. जो मुखवटा घालेल त्यानं बोलायचं नाही. उपदेशाचं वाक्य तर अजिबात नाही. वाचाल तर वाचाल वगैरे पाट्या लेकरांनी इतक्या पाहिल्यात की त्या आता त्यांना दिसतही नाहीत. मुंगसाच्या गळ्यात पाटी, पाटीवर एक प्रश्न. परिपाठाच्या वेळी ते रांगांतून फिरतं, मान वळवतं, निघून जातं. उत्तर ग्रंथालयात कुठंतरी असतं. कुठल्या पुस्तकात ते सांगायचं नाही. सापडलं की चिठ्ठीवर उत्तर, पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक लिहून डब्यात टाकायची. पान क्रमांक नसेल तर चिठ्ठी बाद. या अटीवर मी अडून राहिले. मला कुणीतरी सांगितलं आणि मी अमुक पानावर वाचलं, या दोन गोष्टींतला फरक दहा-अकरा वर्षांच्या लेकराला कळला, तर शाळेनं त्याला पुष्कळ दिलं असं मी मानते.

पहिला प्रश्न लेकरांनीच दिला होता: मुंगसाला नागाचं विष चढत नाही का? घरोघरी उत्तर तयार होतं की मुंगूस लढाई झाल्यावर एका वेलीची मुळी खातं आणि विष उतरतं. पुस्तकांत वेगळं निघालं. मुंगूस चपळ असतं, केस फुलवून उभे करतं, म्हणून बहुतेक दंश चुकतात. आणि नागाच्या विषातला जो घटक स्नायू लुळे पाडतो त्याला त्याच्या शरीरात नीट थारा मिळत नाही. तरी फार विष गेलं तर तेही मरतं. मुळीचा उल्लेख फक्त समजूत म्हणून. यातून पुढचा प्रश्न आपसूक आला, मग माणसानं काय करायचं? आमच्या भागात हा प्रश्न पुस्तकी नाही. सोयाबीन काढताना, पऱ्हाटी उपटताना, रात्री मोटार चालू करायला वावरात जाताना साप निघतोच. मुलांनी नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार विषारी सापांची चित्रं काढली. खाली लिहिलं: कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळायचं नाही, हातपाय हलवायचा नाही, लगेच सरकारी दवाखान्यात न्यायचं, प्रतिविष तिथं मिळतं. हा कागद घरोघरी गेला.

मुखवटा करणाऱ्या आजीनं तो नातवाकडून वाचून घेतला आणि मला म्हणाली, "आमच्या येळंला मांत्रिकच होता, बाई. दवाखाना कुठं होता?" ती खोटं बोलत नव्हती. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांना रस्ता आणि दवाखाना फार उशिरा मिळाला. निजामाच्या राजवटीत तर सभा-संमेलनाला, खासगी शाळेला परवानगीचा जाच होता, आणि परभणीच्या गणेश वाचनालयासारख्या संस्था तेव्हा माणसांना एकत्र बसायची जागा देत होत्या. 17 सप्टेंबर 1948 नंतर राज्य बदललं, पण गावातल्या घरापर्यंत पुस्तक पोचायचं काम अजून उरलेलंच आहे. आजीनं तो कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवला आहे. मला त्याचं मोल एखाद्या बक्षिसापेक्षा जास्त वाटतं.

भिंतीवर मुंगूस रंगवायची वेळ आली तेव्हा एका मुलीला वर्तमानपत्राच्या कात्रणवहीत सापडलं की चित्रकलेच्या ब्रशांसाठी मुंगसांची शिकार होते आणि हा व्यापार 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. वर्गात एकदम शांतता. मग सगळ्यांनी आपापल्या कंपासपेट्या उपसल्या आणि ब्रशाचे केस नखानं ताणून बघितले. आमचे निघाले नायलॉनचे. तरीही मोठं चित्र लिंबाच्या काडीला चिंधी गुंडाळून रंगवायचं ठरलं, तेही त्यांचंच. मी मध्ये पडले नाही.

या मुंगसानं मला सगळ्यात जास्त साथ दिली ती वेगळ्याच कामी. पंचतंत्राच्या पाचव्या तंत्राचं नाव अपरीक्षितकारक, म्हणजे नीट न तपासता केलेली कृती. त्यातली मुंगसाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. पाळण्यातल्या बाळाला सापापासून वाचवणारं मुंगूस, त्याचं रक्तानं माखलेलं तोंड पाहून बाईनं त्याच्यावर टाकलेली घागर, आणि मग आत हसतखेळत असलेलं बाळ. ही गोष्ट मी सातवीला सांगितली आणि त्याच तासाला राईनपाड्याचंही सांगितलं. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या या गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. फोनवर आलेले निरोप कुणी तपासले नव्हते. तेराव्या वर्षी हे ऐकवावं का, असं एका सहकाऱ्यानं विचारलं. ऐकवावं, असं माझं ठाम मत आहे. त्याच वयात पोरांच्या हातात फोन येतो. त्यानंतर आठवड्यातून एकदा मुंगसाच्या पाटीवर गावात फिरणारा एखादा निरोप लिहिला जाऊ लागला. अमुक खाल्ल्यानं साखरेचा आजार जातो, अमुक दिवशी चंद्र दुप्पट दिसणार. लेकरं पुस्तक, वर्तमानपत्र, कधी आरोग्यसेविका ताई, असं सगळं धुंडाळून खरं-खोटं करतात. शाळेचं ग्रंथालय कशासाठी असतं, असं आता कुणी विचारलं की मी या चिठ्ठ्यांचा डबाच पुढं करते.

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही मुंगूस गेलं. पाटीवर लिहिलं होतं: वाचताना फाटलेलं पुस्तक कुणी भरून द्यायचं? मोठी माणसं आधी हसली, मग बोलू लागली. कुणी म्हणालं, पोरानं फाडलं तर बापानं द्यावं. त्यावर एक आई म्हणाली, "मग आम्ही घरी पुस्तक आणूच द्यायचो नाही." हाच मुद्दा होता. शेवटी ठराव झाला की वापरून झिजलेल्या पुस्तकाबद्दल कुणाला जबाबदार धरू नये, आणि वर्षाकाठी जी पुस्तकं कमी पडतील ती गावानं वर्गणीतून घालावीत. कागदावर या ठरावाचं वजन किती ते मला ठाऊक आहे, पण चार्ज घेणाऱ्याच्या मनातली धास्ती त्यानं कमी झाली. ग्रंथालयशास्त्राचे अभ्यासक रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. पहिलं, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा. पुस्तक आपल्या पायांनी वाचकाकडं जात नाही, कुणीतरी न्यावं लागतं. त्याच वर्षी तमिळनाडूत मन्नारगुडीच्या भागात बैलगाडीवरून ग्रंथालय गावोगाव फिरलं, हे वाचून तर मी हरखून गेले. बैलगाड्या आमच्याकडंही दरवर्षी निघतात.

दिवाळी सरली की टायरगाड्या, ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली असते, ती फेडायची. आजी-आजोबा मागं असतील तर काही लेकरं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं गावात राहतात. बाकीची आई-बापासोबत उसाच्या फडाशेजारच्या कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत. ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांच्यासाठी आम्ही जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या, वर बटाट्याच्या ठशानं मुंगूस उमटवलं, आत पुस्तकं आणि एक कोरी वही. पुस्तकं परत येणार नाहीत, असं अनेकांनी बजावलं होतं. काही आली नाहीत. काही पाचटाच्या धुरानं पिवळी होऊन आली. ती मी तशीच कपाटात लावली आहेत.

कोऱ्या वहीत त्यांनी उत्तरं लिहायची नव्हती, प्रश्न लिहायचे होते. गेल्या हंगामात एका मुलानं लिहून आणलं: काट्यावर गाडीचं वजन होतं, मग त्यातलं उसाचं किती आणि गाडीचं किती हे कसं कळतं? बापाची मजुरी टनावर ठरते, आणि पोरगं काट्याच्या रांगेत रात्र-रात्र गाडीत झोपतं. हा प्रश्न त्याला पडणारच. आमच्या कपाटात याचं उत्तर देणारं एकही पुस्तक नव्हतं. मग सातवीचा वर्ग गावातल्याच माणसांकडं गेला. ट्रॅक्टर चालवणारा एक जण, जुना मुकादम, टोळीत कितीतरी वर्षं काढलेल्या दोन बाया. भरलेल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, वजाबाकी, काट्याची पावती कशी वाचायची, त्यावरून मजुरी कशी काढायची, असं सगळं त्यांनी विचारून, उदाहरणं सोडवून लिहून काढलं. पाढे करून घ्या म्हणणाऱ्या त्या वडिलांनी त्यातली दोन गणितं स्वतः घातली. पानं शिवून पुठ्ठा लावला आणि दाखल नोंदवहीत रीतसर क्रमांक टाकून पुस्तक कपाटात ठेवलं. लेखकाच्या रकान्यात इयत्ता सातवी. या दिवाळीनंतर या पुस्तकाच्या हातानं उतरवलेल्या प्रती पिशव्यांतून जातील.

वहीतला पुढचा प्रश्न मळीचा आहे. रस आटवून साखर काढल्यावर ती काळी मळी उरते कशी, जाते कुठं, आणि तिचा वास इतक्या लांब का येतो? मुंगसाच्या पाटीवर तो सध्या तसाच आहे. साखर कारखान्याच्या कामाबद्दल लेकरांना वाचता येईल असं सोप्या मराठीतलं पुस्तक कुणाला माहीत असेल, तर त्याचं नाव मला हवं आहे.